रात्री बारानंतरची तारीख

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दिवेलागण होऊन गेली होती, बाहेर मावळातला पाऊस लागला होता, आणि एक मुलगी अर्धी भिजलेली माझ्या दारात उभी राहिली. आंदर मावळातून वडगावला माझ्याकडे आली होती. तिला एका परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता. हातातला मोबाइल पुढे करून म्हणाली, "सर, शेवटची तारीख पंधरा आहे. म्हणजे उद्याचा दिवस आहे ना माझ्याकडं? फोटो काढायचा राहिलाय, उद्या तळेगावला जाऊन काढते आणि रात्रीपर्यंत भरते. आबा म्हणाले, तरीपण एकदा सरांना विचारून घे."

मी चष्मा लावला. इंग्रजीत लिहिले होते: पंधरा तारीख, बारा ए.एम. मी म्हटले, "बाळ, उद्या नाही, आजच. आज रात्री बाराला ही खिडकी बंद होणार. कोपऱ्यावरचा फोटोवाला अजून उघडा असेल, पळ."

तिला पटेना. पंधरा तारखेचे रात्रीचे बारा, म्हणजे पंधरा तारखेचा दिवस मावळला की मग येणारे बारा, असा तिचा सरळ हिशेब होता. वाद घालायला वेळ नव्हता. फोटो निघाला, माझ्या ओसरीवर बसून तिने साडेनऊपर्यंत अर्ज भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "सर, आज उघडून बघितलं. मुदत संपली असं येतंय."

या मुलीचे वडील माझे विद्यार्थी. त्यांनी तिला मुद्दाम माझ्याकडेच का पाठवले, यामागे चाळीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आहे. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण बारा ए.एम.ची चूक त्या मुलीची एकटीची नाही, आणि नुसती इंग्रजीची तर नाहीच नाही.

मी काही इंग्रजीचा पदवीधर नव्हे. बी.ए. झालो तो मराठी माध्यमातून, इतिहास आणि मराठी घेऊन. पण लहान गावातल्या शाळेत वेळापत्रक जे हातात देईल ते शिकवावे लागते. तसे आठवी-नववीचे इंग्रजी माझ्या वाट्याला आले आणि बरीच वर्षे राहिले. रजेचा अर्ज, मित्राला पत्र, सहलीचे वर्णन असल्या वह्या तपासताना माझी लाल शाई सगळ्यात जास्त खर्च व्हायची ती वेळेच्या शब्दांवर. 'टुडे मॉर्निंग', 'यस्टर्डे नाइट', 'सिन्स टू इयर्स', 'आफ्टर एट डेज'. मी खोडायचो आणि वर लिहायचो: 'धिस मॉर्निंग', 'लास्ट नाइट', 'फॉर टू इयर्स', 'आफ्टर अ वीक'. पुढच्या वर्षी पुढची मुले तेच लिहायची.

पाच-सहा वर्षांनी माझ्या लक्षात आले, की मुले चुकत नाहीत, मराठी बरोबर लिहितात. 'आज सकाळी' हे शुद्ध मराठी आहे, म्हणून 'टुडे मॉर्निंग'. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'दोन वर्षांपासून'ही म्हणतो. एकाच 'पासून'ने दोन्ही कामे भागतात. इंग्रजीला मात्र सुरुवातीचा क्षण सांगायचा असेल तर 'सिन्स' लागतो आणि कालावधी सांगायचा असेल तर 'फॉर'. तसेच 'पर्यंत'चे. 'शुक्रवारपर्यंत थांबतो' आणि 'शुक्रवारपर्यंत पैसे देतो' यात आपल्याला काही फरक दिसत नाही. पहिल्यात थांबणे शुक्रवार येईतो चालूच राहणार आहे, तिथे 'टिल'. दुसऱ्यात पैसे एकदाच द्यायचे आहेत, शुक्रवारच्या आत कधीही, तिथे 'बाय'. 'शुक्रवार टिल पैसे देतो' असे एखाद्याने व्यापाऱ्याला इंग्रजीत लिहिले, तर तो रोज पैशांची वाट पाहत बसेल.

'आठ दिवसां'ची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. सात दिवसांचा वार फिरून येतो, पण आपण त्याला आठवडा म्हणतो. या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत दोन्ही टोके धरून मोजले की आठच होतात. पंधरवड्याचेही तेच. इंग्रज त्याच काळाला 'फोर्टनाइट' म्हणतो, म्हणजे चौदा रात्री. तो मधल्या रात्री मोजतो, आपण दोन्ही काठांचे दिवस मोजतो. दोघेही बरोबर. पण मुलगा लग्नासाठी 'एट डेज' रजा इंग्रजीत मागतो आणि आठव्या दिवशी सकाळी शाळेत हजर होतो, तेव्हा हजेरीपुस्तकवाल्या मास्तरांना कळत नाही की हा एक दिवस आधी कसा उगवला.

वर्गात मी एक प्रश्न नेहमी विचारायचो. 'किती वाजले' असे आपण का म्हणतो? वेळ काय वाजते का? कुणालाच सांगता यायचे नाही. तास म्हणजे मुळात काशाची थाळी. पाण्याच्या भांड्यात बुडाला बारीक भोक असलेली वाटी, म्हणजे घटिकापात्र, तरंगत ठेवायचे. ते भरून बुडाले की एक घटका झाली, आणि मग थाळीवर टोला द्यायचा. म्हणून वेळ 'वाजते'. घटका आजच्या चोवीस मिनिटांची, दिवसरात्र मिळून साठ घटका. तीन तासांचा एक प्रहर, असे आठ प्रहर. आता टोला द्यायला कुणी नसते, मनगटावर मुके घड्याळ असते, तरी आपण 'किती वाजले' असेच विचारतो. इंग्रजीतला 'ओ क्लॉक' हादेखील 'ऑफ द क्लॉक'चा आखूड अवतार. घड्याळातले दहा असे स्पष्ट सांगावे लागे, कारण सूर्यावरून सांगितलेली वेळही तेव्हा चालू होती.

आता आंदर मावळाकडे वळतो. ज्यांनी तो भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पुणे-लोणावळा लोहमार्गावर कान्हे स्टेशन आहे. तिथून रूळ ओलांडून उत्तरेला वळले, की टाकवे बुद्रुक, वडेश्वर अशी गावे घेत रस्ता थेट खांडी आणि कुसूरपर्यंत, सह्याद्रीच्या कड्यापाशी जातो. आंद्रा नदीचे हे खोरे. वरच्या बाजूला टाटांच्या कंपनीने बांधलेले ठोकळवाडीचे धरण आहे. त्याचे पाणी डोंगरातून पलीकडे कोकणात भिवपुरीला उतरते आणि १९२२ पासून तिथे वीज तयार होते. मी १९७२ साली या खोऱ्यातल्या शाळेत रुजू झालो तेव्हा ती वीज मुंबईला पोचून पन्नास वर्षे झाली होती. आमच्या वरच्या वाड्यांवर मात्र कंदील होते.

तिथे घड्याळे थोडी, पण वेळ सगळ्यांना ठाऊक. कोंबडं आरवलं, झुंजूमुंजू झालं, तांबडं फुटलं, दिवस कासराभर वर आला, न्याहारीची वेळ झाली, उन्हं कलली, गुरं घरला आली, दिवेलागण, जेवणवेळ, निजानीज. पालकसभेला मी चिठ्ठी पाठवायचो 'सकाळी १० वाजता' अशी, आणि चिठ्ठी नेणारा मुलगा घरी सांगायचा, 'न्याहारी करून बोलावलंय.' सगळे वेळेवर यायचे. घड्याळातल्या वेळेहून ही वेळ ढिली होती असे मला पहिल्या वर्षी वाटले. पुढे कळले की ती ढिली नव्हती. ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती, एवढाच फरक.

या मोजणीत एक गोष्ट पक्की होती. दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि पुढच्या सूर्योदयाला संपतो. पंचांगातही वार असाच मोजतात, आणि सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी. त्यामुळे मंगळवारची रात्र ही तांबडे फुटेपर्यंत मंगळवारचीच. पहाटे तीनला मूल जन्मले तर आजी म्हणणार, 'मंगळवारी रात्री झालं.' दवाखान्याच्या कागदावर मात्र बुधवारची तारीख. शाळेच्या दाखल्यावर नेमके काय लिहायचे यावर मी पालकांशी कितीदा बोललो असेन. अर्थात त्या काळात तारीखच माहीत नसली की मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. माझ्या एकेका वर्गात निम्म्या मुलांचा वाढदिवस शाळा उघडायच्या सुमारास यायचा, हेही कबूल करतो.

दिवस कुठे सुरू होतो हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार लवकर भेटतो. मराठेशाहीतली कागदपत्रे पाहिली तर त्यांत तिथी असते, आणि पुष्कळदा 'छ' म्हणजे चंद्र असे लिहून हिजरी महिन्याची तारीखही असते. हिजरी दिवस सुरू होतो सूर्यास्ताला. आपली तिथी धरायची सूर्योदयाला. आणि समोर इंग्रजांचा कागद असेल तर त्याचा दिवस मध्यरात्रीला. एकच रात्र, तिचे तीन हिशेब. जंत्री घेऊन तारखा जुळवणाऱ्याला म्हणूनच आधी विचारावे लागते, की घटना रात्रीची आहे की दिवसाची.

याचे उदाहरण आमच्या अंगणातलेच आहे. १७७९ च्या जानेवारीत इंग्रज फौज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली. मराठ्यांनी पुढचा मुलूख ओसाड करून तिची रसद तोडली होती. शेवटी ११ जानेवारीच्या रात्री, अंधारात, अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून फौज परत फिरली. तिला मराठ्यांनी गाठले आणि ती वडगावला अडकली. १६ जानेवारीला वडगावचा तह झाला. आता ही माघार अकराची की बाराची? इंग्रजाच्या घड्याळाने मध्यरात्र उलटली तशी तारीख बदलली. मागावर असलेल्या मावळ्याच्या लेखी ती पहाट होईपर्यंत एकच रात्र होती. वर्गात मी हे सांगितले की मुले विचारायची, "मग सर, परीक्षेत काय लिहायचं?" मी सांगायचो, "११ आणि १२ च्या मधली रात्र, असं लिहा. मार्क कापले तर मला सांगा."

मिनिटांचा धाक मावळात आणला तो आगगाडीने. १८५६ साली मुंबईकडचा रूळ घाटाखाली खोपोलीपर्यंत आला. १८५८ साली घाटावर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट लोक पालखीने, तट्टावरून किंवा पायी पार करत. १८६३ साली बोरघाटातून रूळ जोडले गेले आणि मुंबई-पुणे सलग झाले. बैलगाडी तुमच्यासाठी थांबते, आगगाडी थांबत नाही. 'गाडी चुकली' हा शब्दप्रयोग त्यानंतरचाच असणार.

पण कुणाच्या घड्याळाने वेळ पाळायची, हा घोळ पुढे पुष्कळ वर्षे चालला. प्रत्येक गावाची वेळ सूर्यावरून, म्हणजे वेगळी. १८७० च्या सुमारास रेल्वेने मद्रासची वेळ धरली, कारण मद्रास हे मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधे पडते आणि तिथे वेधशाळा होती. ही वेळ मुंबईच्या वेळेच्या सुमारे अर्धा तास पुढे. पुण्याच्या सूर्यापेक्षा पंचवीसेक मिनिटे पुढे. म्हणजे गावच्या घड्याळावर भरवसा ठेवून स्टेशनवर गेलेल्या माणसाला नुसता धूर दिसायचा. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ सगळ्या मुंबई शहरालाच लावायचा प्रयत्न केला. शहराने इतका विरोध केला की १८८३ साली तो सोडून द्यावा लागला.

मग १ जानेवारी १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ सरकारने लागू केली. ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईच्या जुन्या वेळेहून ती ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगारांना अचानक ३९ मिनिटे आधी कामावर या असे सांगितले गेले, तेव्हा त्यांनी निदर्शने केली. मुंबईच्या महापालिकेनेही जुनी वेळ सोडली नाही. १९५५ च्या सुमारापर्यंत मुंबईत 'बॉम्बे टाइम' या ना त्या रूपात टिकून होता. शिवाय दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, सगळ्या देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे केली होती. माझे वडील त्या दिवसांबद्दल सांगायचे, की कुणी वेळ सांगितली की समोरचा आधी विचारायचा, "नव्या टायमानं की जुन्या?"

हा प्रश्न मला फार शहाणपणाचा वाटतो. 'किती वाजता' याच्या आधी 'कुणाच्या घड्याळाने' हे विचारले पाहिजे.

आता त्या ए.एम. आणि पी.एम.कडे येतो. ही लॅटिन अक्षरे आहेत. 'अँटे मेरिडिएम' म्हणजे मध्यान्हाच्या आधी, 'पोस्ट मेरिडिएम' म्हणजे मध्यान्हानंतर. मध्यान्ह म्हणजे सूर्य माथ्यावर येण्याची वेळ. पण प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून घेतली, साडेब्याऐंशी अंश पूर्व, ती रेषा आमच्या पूर्वेला पुष्कळ दूर, उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या बाजूने जाते. आंदर मावळ आहे साधारण साडेत्र्याहत्तर अंशांवर. एक अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने टाकव्याच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून छत्तीस मिनिटे झालेली असतात. म्हणजे घड्याळ पी.एम. म्हणते तेव्हा आमचा सूर्य अजून ए.एम.मध्येच असतो. हे मी मुलांना मैदानात काठी रोवून दाखवायचो. सावली सगळ्यात आखूड कधी होते ते खडूने आखायचे. बाराचा टोल पडून गेला तरी सावली आखूड होतच राहायची आणि मुलांना वाटायचे शाळेचे घड्याळ बिघडले.

आणि बरोबर बारा वाजता काय? दुपारचे बारा हे मध्यान्ह धरले, तर ते मध्यान्हाच्या आधीही नाही आणि नंतरही नाही. रात्रीचे बारा दोन्ही मध्यान्हांपासून सारखेच लांब. म्हणून 'बारा ए.एम.' आणि 'बारा पी.एम.' हे शब्दशः पाहिले तर अर्थहीनच आहेत. चालत आलेल्या वापराने बारा ए.एम. म्हणजे मध्यरात्र आणि बारा पी.एम. म्हणजे दुपार असे ठरले आहे. संगणक आणि मोबाइल तेच मानतात. पण वाचणाऱ्या दहा जणांत दोघेतिघे उलटे वाचणार, हे मी लग्नपत्रिकांवरूनसुद्धा सांगू शकतो. 'महाप्रसाद १२ ए.एम.' असे छापलेल्या पत्रिका मी पाहिल्या आहेत. जेवायला गेलो होतो दुपारीच.

आता ती गोष्ट.

१९८४ साल. आमच्या शाळेतून दहावी होऊन आय.टी.आय.ला गेलेला एक मुलगा. फिटरचा कोर्स पहिल्या वर्गात पास झाला. दक्षिणेतल्या एका शहरातल्या कारखान्यातून त्याला मुलाखतीचे बोलावणे आले. त्याच्या घरातून घाट उतरून मुंबईलाही कुणी नोकरीला गेलेले नव्हते. वडिलांनी आंबेमोहोराची दोन पोती विकून तिकिटाचे पैसे उभे केले आणि माझ्याकडे आणून दिले. "सर, तुमालाच समजतं त्यातलं."

मी पुण्याला जाऊन रांगेत उभा राहिलो. मुलाखत सोळा तारखेला सकाळी. गाडी पुण्याहून रात्री बारा पंचवीसला सुटणार, दुसऱ्या दिवशी रात्री पोचणार. म्हणजे चौदाच्या रात्री निघायचे. मी अर्जावर माझ्या सुवाच्य मास्तरी अक्षरात तारीख लिहिली: १४.

तुमच्या लक्षात आले असेल. चौदा तारखेची बारा पंचवीसची गाडी तेराच्या रात्री जाते. मी लिहायला हवे होते पंधरा.

मुलगा चौदाला संध्याकाळी कान्ह्याहून लोकलने पुण्याला गेला. सोबत भाकरी, चटणी, सर्टिफिकिटांची पिशवी. गाडी आली. डब्यावरच्या यादीत त्याचे नाव नव्हते. तिकीट तपासनिसाने तिकीट पाहिले आणि सांगितले, "ही गाडी काल रात्री गेली." नवे तिकीट काढण्याइतके पैसे त्याच्याजवळ नव्हते. रात्रभर तो फलाटावर बसला आणि पहिल्या लोकलने परत आला.

सकाळी शाळेच्या आवारात येऊन त्याने मला तिकीट दाखवले. एवढेच म्हणाला, "सर, गाडी चुकली." मी तिकिटावरची तारीख वाचली आणि मला सगळे उमगले. सकाळची प्रार्थना चालू होती. मी तिकीट त्याला परत दिले आणि म्हणालो, "असू दे, पुन्हा येईल संधी." माझी चूक झाली, हे शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. गावात लोक म्हणू लागले, पोरगं वेळेवर पोचलं नाही, कुठंतरी रेंगाळलं असेल. तेही मी ऐकून घेतले. शिक्षक म्हणून माझा मान त्या खोऱ्यात मोठा होता आणि मला तो जपायचा होता. एका मुलाच्या नावाने तो जपला.

तो पुढे तळेगावला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागला. नंतर गावी परत जाऊन भातशेती आणि म्हशी करू लागला. वाईट झाले असे म्हणणार नाही. पण जे होऊ शकले असते ते झाले नाही, आणि ते माझ्या हातच्या एका आकड्यामुळे.

तेव्हापासून मी वेळ लिहिताना काही नियम पाळतो आणि मुलांना तेच शिकवले. दुपारचे बारा असतील तर इंग्रजीत 'ट्वेल्व्ह नून' लिहावे. ('नून' हा शब्द लॅटिनमधल्या 'नवव्या तासा'वरून आला. तो तास सूर्योदयापासून मोजलेला, म्हणजे दुपारी तीनच्या आसपासचा. पुढे तो सरकत बारावर आला. त्यांचाही दिवस एके काळी सूर्यापासूनच मोजला जाई.) रात्रीचे बारा असतील तर नुसती एक तारीख कधीही लिहू नये. १४ आणि १५ च्या मधली मध्यरात्र, अशा दोन्ही तारखा द्याव्यात, किंवा रात्री ११.५९ लिहावे म्हणजे वादच नाही. 'नेक्स्ट फ्रायडे' हा येणारा शुक्रवार की त्याच्या पुढचा, यावर इंग्रजी बोलणाऱ्यांचेही एकमत नाही. तारीख घालावी. तारीख घालताना महिना अक्षरात लिहावा, कारण ५/६ म्हणजे आपल्याकडे पाच जून आणि अमेरिकेत सहा मे. 'बायवीकली' हा शब्द आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा अशा दोन्ही अर्थांनी वापरतात. तो टाळावा. परदेशी असलेल्या लेकरांना फोनची वेळ कळवताना 'आमच्या घड्याळाने' की 'तुमच्या' हे लिहावे. आणि रात्री बारानंतरची गाडी असेल तर निघणाऱ्याला तोंडी सांगावे: अमक्या दिवशी संध्याकाळचे जेवण घरी करून निघ. जेवणवेळ कुणी चुकत नाही.

यात मराठीला कमी लेखायचे कारण नाही. बोलताना इंग्रजही मंगळवारची रात्र बुधवारच्या पहाटेपर्यंत ताणतोच. घोळ होतो तो कागदावर. बोलताना समोरचा माणूस आपल्याच आकाशाखाली असतो, कागद मात्र कुठेही जातो. वाचणाऱ्याचा दिवस कुठे सुरू होतो, हे लिहिणाऱ्याने आधी विचारात घ्यायला हवे. मी तेवढेच केले नव्हते.

मुलीचा अर्ज भरून झाल्यावर आठ दिवसांनी (म्हणजे सात) मी टाकव्याची गाडी धरून तिच्या घरी गेलो. आवण उरकत आली होती. तिचे वडील चिखलाचे पाय धुऊन पडवीत आले. मी बसलो आणि चहा यायच्या आत सांगून टाकले. "चौऱ्याऐंशी सालच्या त्या तिकिटावरची तारीख माझी चूक होती. तुझी नव्हती. मी तेव्हा बोललो नाही."

ते थोडा वेळ बाहेर पावसाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, मला त्याच रात्री कळलं होतं. टी.सी.नं समजावून सांगितलं की. पण तुमचं अक्षर व्हतं, कुणाला काय सांगनार?" आणि मग हसून, "म्हणून तर पोरीला तुमच्याकडंच धाडली. म्हटलं, बाराचा घोळ सरांएवढा कुणाला ठावं असणार?"

मुलीची परीक्षा झाली. निकाल अजून लागायचा आहे. परत निघताना मी पडवीत उभ्या असलेल्या बापलेकींना सांगितले, की ही गोष्ट मी लिहिणार आहे. ते म्हणाले, "लिवा की. पण सर, तारीख नीट घाला."